मानेतील गादी खरोखरच सरकली आहे का?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : मानेच्या मणक्यांचे विकार

मानेच्या दुखण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना मणक्यांच्या विकारांवर शस्त्रक्रिया करणारे आमचे तज्ज्ञ डॉक्टर येथे उत्तरे देत आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. ही उत्तरे प्रत्यक्ष तपासणीऐवजी वापरू नयेत.

प्रश्न : माझे वय ४१ असून मी ठाण्यात एका खासगी कंपनीत संगणकावर काम करतो. काही महिन्यांपासून माझी मान आखडते आणि संध्याकाळी अधिक दुखते. हातात कळ येत नाही, मुंग्याही येत नाहीत. आरोग्य तपासणीच्या एका योजनेत सवलत मिळाली म्हणून मी स्वतःहून मानेचा एमआरआय करून घेतला. रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी ‘डिस्क बल्ज’ असून मज्जारज्जूच्या आवरणावर किंचित दाब आहे आणि मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे, असे लिहिले आहे. माझ्या तीन गाद्या सरकल्या आहेत, असे समजायचे का?

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तरी तसे समजण्याचे कारण दिसत नाही. मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. दुसऱ्या मणक्यापासून छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंत अशा एकूण सहा गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंचे कडे आणि आत ओलसर, मऊ गर असतो. वय वाढते तसे गरातील पाणी कमी होते, गादीची उंची घटते आणि कडे सगळ्या बाजूंनी थोडेसे बाहेर येते. यालाच रिपोर्टात ‘बल्ज’ म्हणतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तो केस पांढरे होण्याइतकाच वयाचा भाग असतो. कड्याला एखाद्या ठिकाणी चीर पडून आतला गर तेवढ्याच जागेतून मागे किंवा बाजूला ढकलला गेला, तर त्याला ‘हर्निएशन’ म्हणतात. लोक ज्याला गादी सरकणे म्हणतात, ते हेच. आपल्या रिपोर्टात हा दुसरा शब्द नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

हर्निएशन हा शब्द असता, तरीही तेवढ्यावरून निदान झाले असते असे नाही. १९९० साली अमेरिकेत मानेची किंवा हाताची कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ जणांचे मानेचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी १९ टक्के लोकांच्या चित्रांत ठळक बिघाड आढळला. चाळिशीच्या आतील लोकांत हे प्रमाण १४ टक्के, तर चाळिशीपुढील लोकांत २८ टक्के होते. विशेष म्हणजे चाळिशीच्या आतील दर दहा निरोगी माणसांपैकी एकाच्या मानेत चक्क हर्निएशन होते आणि त्याला त्याचा काहीही त्रास नव्हता. पुढे जपानमध्ये विशीपासून सत्तरीपर्यंतच्या १,२११ निरोगी स्त्री-पुरुषांची अशीच पाहणी झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ८७.६ टक्के लोकांमध्ये एक तरी गादी बाहेर आलेली दिसली. ज्या स्थितीत दहापैकी जवळजवळ नऊ निरोगी माणसे आहेत, तिला आजार म्हणणे कठीण आहे.

म्हणून आम्ही तीन गोष्टींचा मेळ बसतो का, ते पाहतो. रुग्ण सांगतो ती कळ एखाद्या ठरावीक मज्जातंतूच्या वाटेने जाते का, हाताच्या तपासणीत त्याच मज्जातंतूचे काम मंदावलेले आढळते का, आणि एमआरआयमध्ये त्याच पातळीवर, त्याच बाजूला, त्याच मज्जातंतूवर दाब दिसतो का. तिन्ही उत्तरे एकाच ठिकाणी बोट दाखवत असतील, तरच निदान पक्के समजावे. आपल्या बाबतीत पहिलेच उत्तर नकारार्थी आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने जे दिसले ते सर्व लिहिले, आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु तपासणीआधीच चित्र काढले की दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला लक्षण जोडण्याचा मोह होतो, रुग्णालाही आणि कधीकधी डॉक्टरलाही. मानेचा बाक कमी होणे हे तर स्नायू आखडल्यामुळे किंवा यंत्रात झोपण्याच्या पद्धतीमुळेही दिसू शकते. आपले दुखणे बहुधा स्नायूंचे आणि लहान सांध्यांचे आहे. बसण्याची पद्धत, पडद्याची उंची आणि मानेचे व्यायाम यांविषयी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. पुढे हातात कळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, तरच हा रिपोर्ट पुन्हा बाहेर काढण्याची वेळ येईल.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. वय ४६ आहे. महिन्याभरापासून उजव्या फऱ्यापासून दंडाच्या मागच्या बाजूने थेट मधल्या बोटापर्यंत विजेसारखी कळ येते. रात्री झोप लागत नाही. उजवा हात डोक्यावर ठेवून पडलो की थोडे बरे वाटते. मान फारशी दुखत नाही. एक्स-रे काढला, तो ‘नॉर्मल’ आला. तरीही डॉक्टर म्हणतात की मानेची नस दबली असावी. दुखतो हात, मग तपासायची मान, हे कसे? आणि एमआरआय आत्ताच करावा का?

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा अंदाज मला योग्य वाटतो, आणि तो बांधण्यास लागणारी निम्मी माहिती आपल्या पत्रातच आहे. हात डोक्यावर ठेवल्यावर आराम पडणे, ही मानेतील मज्जातंतूचे मूळ (मज्जारज्जूतून निघतानाचा त्याचा सुरुवातीचा भाग) दाबले गेल्याची एक जुनी, विश्वासार्ह खूण आहे. हात वर गेला की त्या मुळावरील ताण कमी होतो. खांद्याच्या सांध्याच्या आजारात नेमके उलटे घडते. तेथे हात वर नेणेच जिवावर येते. त्यामुळे केवळ या एका सवयीवरून, तपासणीच्या खोलीत शिरणारा रुग्ण मानेचा की खांद्याचा, याचा पहिला अंदाज अनेकदा येतो.

मान फारशी न दुखता हात दुखण्याचे कारण असे की, बाहेर आलेला गर ज्या मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो आणि ज्याला तो सूज आणतो, ते मूळ पुढे हातात जाऊन त्वचा आणि स्नायू सांभाळते. मेंदूला कळ त्या टोकाकडून आल्यासारखी वाटते. मानेत मणके सात, पण मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत. पहिल्या सात जोड्या आपापल्या क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्या मणक्याच्या खालून. म्हणून पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील गादी सहाव्या मुळाला त्रास देते, तर सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधील गादी सातव्या मुळाला. या प्रत्येक मुळाचा हातावरील प्रदेश बराचसा ठरलेला आहे. पाचवे मूळ खांद्याच्या बाहेरच्या बाजूला जाते, आणि ते दुखावले की हात बाजूला उचलणे जड जाते. सहावे अंगठ्याकडे जाते आणि मनगट वर उचलण्याची ताकद सांभाळते. सातवे दंडाच्या मागून मधल्या बोटाकडे जाते. कोपर सरळ करण्याची ताकद त्याची. आठवे करंगळीकडे जाते, आणि ते बिघडले की मूठ सैल पडते. आपली कळ ज्या वाटेने जाते, ती सातव्या मुळाची वाट आहे. या आजारात सर्वाधिक वेळा सापडणारे मूळही तेच आहे. अर्थात, माणसामाणसांत या सीमा थोड्या सरकतात, म्हणून एकट्या बोटावर निकाल देऊ नये.

आता तपासणी कशी होते, ते सविस्तर सांगतो, कारण पुढील भेटीत आपल्याला ती समजून घेता येईल. डॉक्टर प्रथम आपल्याला कोपर वाकवून हात पुढे धरायला सांगतील आणि त्यांच्या तळहाताविरुद्ध ढकलायला लावतील. डाव्या हाताने आपण त्यांना सहज मागे रेटाल. उजवा हात कोपरात हळूच मोडला, तर दंडामागील स्नायू अशक्त झाला आहे. असा अशक्तपणा रुग्णाच्या लक्षातही आलेला नसतो, कारण रोजच्या कामात हात खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करते. मग कोपराच्या वर, मागील बाजूला रबरी हातोडीने हलके टोले देऊन दोन्ही बाजूंचा झटका ताडून पाहतील. डावीकडे हात उडतो आणि उजवीकडे जेमतेम हलतो, असे झाले तर सातव्या मुळाविषयीचा संशय बराच बळावतो; झटका रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून नसल्यामुळे या तपासणीला विशेष मोल आहे. नंतर कापूस आणि टाचणी यांनी बोटांवरील संवेदना पाहिली जाते.

यापुढची तपासणी स्पर्लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील मज्जाशल्यचिकित्सक रॉय ग्लेन स्पर्लिंग यांनी आपले सहकारी विल्यम स्कोव्हिल यांच्यासह १९४४ साली ती मांडली. डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहतात, त्याची मान दुखऱ्या बाजूला कलती करतात आणि डोक्यावर दोन्ही हातांनी खाली हलका दाब देतात. मणक्यांच्या बाजूची छिद्रे त्यामुळे अरुंद होतात आणि मूळ दाबलेले असेल, तर नेहमीची कळ जशीच्या तशी हातात उतरते. केवळ मान दुखली, तर ही तपासणी सकारात्मक धरत नाहीत. कळ हातात उतरायला हवी. उलट, हनुवटी आणि डोक्याचा मागील भाग धरून मान हलकेच वर ताणली आणि हाताची कळ कमी झाली, तर तेही मानेच्याच बाजूने पुरावा समजतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन तपासण्यांना आणखी दोन जोडल्या होत्या : हात बाजूला पसरून मज्जातंतू ताणून पाहणे, आणि मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळणे. चारही सकारात्मक असतील, तर मूळ दाबले गेल्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते, असे त्यांत दिसले. हात पसरून ताणण्याची तपासणी नकारात्मक आली, तर हा आजार नसण्याची शक्यता बरीच वाढते. यांपैकी कोणतीही तपासणी घरी करून पाहू नये, आणि डोक्यावर दाब देण्याची तर मुळीच नाही.

एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही. हाडे, त्यांच्यामधील अंतर आणि हाडांची वाढ तेवढी दिसते. म्हणून आपला एक्स-रे ‘नॉर्मल’ असणे आणि गादीतील गर बाहेर आलेला असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. एक्स-रेचा उपयोग अपघात, मणक्यातील संसर्ग किंवा हाड पोखरणारा आजार यांकडे नजर टाकण्यासाठी होतो. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो. ताप येणे, वजन घटणे, विश्रांती घेतली तरी रात्री दुखणे वाढत जाणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर ते विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

एमआरआयबाबत माझे मत असे आहे. हातातील ताकद शाबूत असेल, चालण्यात फरक नसेल आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिले सहा आठवडे औषधे आणि विश्रांती यांवर काढणे बहुधा योग्य ठरते, कारण त्या काळात चित्र काहीही दाखवो, उपचार तेच राहतात. ताकद कमी झाली असेल, दुखणे असह्य असेल किंवा सहा आठवड्यांनंतरही उतार नसेल, तर एमआरआय करावा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळात या आजाराच्या ५६१ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, आणि अखेरच्या भेटीच्या वेळी ९० टक्के रुग्णांना एक तर काहीच त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. त्याच नोंदींनुसार आजाराआधी जड श्रम किंवा दुखापत झाल्याचा इतिहास केवळ १५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत होता. तेव्हा ‘मी असे काय उचलले?’ या प्रश्नाचा फार शोध घेऊ नये. आपण पुढील भेटीत कोपराची ताकद तेवढी आवर्जून तपासून घ्यावी; निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

प्रश्न : वय ५५, नागपूर. डाव्या छातीत वरच्या बाजूला आणि डाव्या हातात दुखते. ईसीजी चांगला आला. एक परिचित म्हणतात की हे मानेमुळे होते, हृदयाची तपासणी करण्याची गरज नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : परिचितांचे पहिले वाक्य कदाचित बरोबर ठरेल, पण दुसरे धोक्याचे आहे. अमेरिकेतील सेम्स आणि मर्फी या दोन शल्यचिकित्सकांनी १९४३ साली मानेतील गादी फाटून सातवे मूळ दाबले गेलेल्या चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकातच, या रुग्णांची लक्षणे हृदयविकारासारखी होती, असे म्हटले आहे. मानेतील गादीच्या आजाराची वैद्यकाला नीट ओळख झाली, ती बऱ्याच अंशी याच गोंधळातून.

तरीही क्रम बदलता येत नाही. आपल्या वयात डाव्या हाताची कळ आधी हृदयाची समजायची आणि हृदय निर्दोष ठरल्यावरच मानेकडे वळायचे. विश्रांतीच्या वेळी काढलेला एकच ईसीजी चांगला असल्याने हृदयविकार नाही, असे ठरत नाही. जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखणे वाढते आणि थांबल्यावर कमी होते का, की मान वळवल्यावर, वर पाहिल्यावर, खोकल्यावर ते वाढते, हे दोन-तीन दिवस लक्ष देऊन पाहावे आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगावे. त्यांनी सुचवलेली तपासणी टाळू नये. छातीत दुखताना घाम सुटला किंवा धाप लागली, तर निरीक्षण करत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी कुडाळ येथील ५२ वर्षांची गृहिणी आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही हातांची बोटे रात्री बधिर होतात, मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. पोळ्या लाटताना आणि स्कूटर चालवतानाही असे होते. मानेची गादी सरकली आहे असे सांगून मला मानेचा पट्टा दिला. पाच महिने पट्टा वापरूनही फरक नाही. आता काय करावे?

उत्तर : ताई, आपली मान निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. रात्री जाग आणणाऱ्या मुंग्या, हात झटकल्यावर आराम, मनगट एकाच स्थितीत धरून करावी लागणारी कामे, दोन्ही हात आणि मधुमेह, या साऱ्यांवरून मनगटाच्या आतील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला जाण्याचा विकार सुचतो. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेहाप्रमाणेच थायरॉइड मंद असलेल्या स्त्रियांतही तो अधिक दिसतो. आपण एक निरीक्षण करावे : बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू एवढ्यातच आहे आणि करंगळी मोकळी आहे का? असल्यास संशय मनगटावरच जातो. हाताचे पंजे मनगटातून खाली वाकवून मिनिटभर धरल्यावर मुंग्या येतात का, हेही डॉक्टर पाहतील.

येथे मज्जातंतूंच्या वहनवेगाची तपासणी उपयोगी पडते. लोक तिला एनसीव्ही या नावाने ओळखतात. मनगटात दाब असेल, तर तेथून जाणाऱ्या संवेदनेचा वेग मंदावलेला सापडतो. मानेत दाब असेल, तर बोट बधिर असूनही संवेदनेचे हे मोजमाप सहसा चांगले येते, कारण संवेदना वाहणाऱ्या पेशींची केंद्रे दाबाच्या जागेच्या बाहेरच्या बाजूला सुरक्षित असतात. मानेच्या मुळाचा दोष पाहण्यासाठी स्नायूंत बारीक सुई घालून ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत संकेतांची तपासणी, करावा लागतो आणि तोही लक्षणे सुरू होऊन साधारण तीन आठवडे उलटल्यावर, कारण स्नायूंत बदल दिसू लागण्यास तेवढा वेळ लागतो. आधी केलेला ईएमजी फसवा ठरतो. काही रुग्णांत मनगट आणि मान दोन्ही दोषी असतात, आणि मधुमेहाने स्वतंत्रपणेही मज्जातंतू बिघडतात. म्हणून तपासणी न्यूरॉलॉजिस्टकडून करून घेणे बरे. पट्टा मात्र थांबवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी लगेच बोलावे. महिनोन् महिने पट्टा लावला की मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मग मान खरोखरच दुखू लागते.

प्रश्न : आम्ही लासलगावचे. माझ्या वडिलांचे वय ६४. त्यांनी आयुष्यभर बाजार समितीत हमाली केली, कांद्याच्या गोण्या डोक्यावर आणि पाठीवर वाहिल्या. त्यांना मानेत किंवा हातात काहीच दुखत नाही. पण सहा महिन्यांपासून सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, सुटे पैसे हातातून पडतात, चालताना पाय अडखळतात आणि कधी चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही. घरचे म्हणतात की वय झाले. शेजारी म्हणतात की सलूनमध्ये मान मोडून घ्या, मोकळे होईल. मी काय करू?

उत्तर : या वेळच्या सर्व पत्रांत मला सर्वाधिक काळजी आपल्या पत्राची वाटली, आणि त्यात दुखण्याचा उल्लेखही नाही. आपल्या वडिलांना मज्जातंतूच्या एखाद्या मुळावर नव्हे, तर खुद्द मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता आहे. मुळावरचा दाब कळ देऊन बोंब मारतो. मज्जारज्जूवरचा दाब पुष्कळदा मुकाट्याने वाढत जातो, आणि म्हणूनच त्याचे निदान उशिरा होते. बटण, सुटे पैसे, चप्पल या तीन तक्रारी तज्ज्ञाला पुरेशा आहेत. चौसष्टाव्या वर्षी माणसाला बटण लावता यायलाच हवे. हे वयावर ढकलू नये.

मानेतील मणक्यांच्या पोकळीची पुढून मागेपर्यंतची रुंदी प्रौढ माणसात साधारण १७ मिलिमीटर असते. ती १३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर पोकळी अरुंद समजतात. काहींची ती जन्मतःच अरुंद असते. त्यात पुढून गादी बाहेर येते, हाडांच्या कडा वाढतात, मागून बंध जाड होतात आणि मज्जारज्जूला जागा उरत नाही. डोक्यावर वर्षानुवर्षे ओझे वाहिल्याने मानेच्या मणक्यांची झीज लवकर होते, हेही खरे आहे.

डॉक्टर काय पाहतील, ते सांगतो. वडिलांना दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटायला आणि पूर्ण उघडायला सांगतील. निरोगी माणूस वीस किंवा अधिक वेळा हे सहज करतो. मज्जारज्जू दाबला गेलेला माणूस दहा-बारा वेळांतच अडतो आणि त्याची बोटे नीट उघडतही नाहीत. जपानी शल्यचिकित्सकांनी १९८७ साली ही साधी चाचणी पुढे आणली आणि आजही ती बाह्यरुग्ण विभागात घड्याळ पाहून करतात. नंतर मधल्या बोटाचे नख हलकेच टिचकावून अंगठा आपोआप आत वळतो का, तळपायावर रेघ ओढल्यावर पायाचा अंगठा वर जातो का, गुडघ्याचा झटका वाजवीपेक्षा जोरात येतो का, आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेषेत चालता येते का, हे पाहतील. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून खाली विजेचा झटका जातो का, असेही विचारतील. लघवीवर ताबा राहतो का, हा प्रश्न वडील संकोचाने टाळतील. त्याचे उत्तर आपण आधीच विचारून ठेवावे.

येथे सहा आठवडे थांबण्याचा सल्ला लागू नाही. एमआरआय लवकरात लवकर करावा. त्यात मज्जारज्जू किती चेपला आहे आणि त्याच्या आत पांढरट बदल दिसतो का, हे कळते. चित्रात हाडांची किंवा बंधांची वाढ अधिक दिसली, तर जोडीला सीटी स्कॅन मागतील. व्हिटॅमिन बी-१२च्या कमतरतेनेही पायांची जाण जाऊन अशीच अडखळ येऊ शकते, आणि शाकाहारी लोकांत ही कमतरता पुष्कळ आढळते; म्हणून रक्ताची ती तपासणी सोबतच करून घ्यावी, पण तिच्या निकालासाठी एमआरआय थांबवू नये. दाब सिद्ध झाला, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न लगेच समोर येईल. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढची हानी थांबवणे हा असतो. गेलेले किती परत येईल, हे दाब किती काळ होता यावर बरेच अवलंबून असते. सहा महिने झालेले आहेत.

मान मोडून घेण्याविषयी एवढेच सांगतो : अशा मानेला दिलेला एक झटका हातपाय कायमचे लुळे करू शकतो. मालिश, झटके, वजन लावणे, काहीही निदानापूर्वी करू देऊ नये.

प्रश्न : वय ५८, बेळगाव. कुशीवर वळताना आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना क्षणभर सारे गरगरते. हे मानेच्या गादीमुळे होते का?

उत्तर : बहुधा नाही. चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढायचा आणि त्यात हमखास सापडणाऱ्या झिजेवर खापर फोडायचे, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी गरगर बहुतेक वेळा कानाच्या आतील तोलाच्या यंत्रणेतील सूक्ष्म कण जागचे हलल्याने येते. कान-नाक-घसा तज्ज्ञ आपल्याला डोके वळवून पटकन आडवे झोपवतील, डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल पाहतील आणि खात्री पटली तर डोके क्रमाने फिरवून ते कण जागेवर आणतील. बोलण्यात अडखळ, दोन-दोन दिसणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही चकरेसोबत असेल, तर मात्र त्वरित रुग्णालयात जावे.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. मानेचा एमआरआय सांगितला आहे. बंद यंत्राची भीती वाटते. माझ्या पायात जुन्या अपघातातील सळी आहे. आणखी कशाची काळजी घ्यावी?

उत्तर : मानेच्या एमआरआयला साधारण २० ते ४० मिनिटे लागतात. त्यात क्ष-किरण नसतात. यंत्राचा ठोक्यांसारखा मोठा आवाज होतो, म्हणून कानात बोळे किंवा कानांवर आवरण देतात. हातात एक घंटी देतात, ती दाबली की तंत्रज्ञ तुम्हाला बाहेर काढतात. भीती फार असेल, तर आधी सांगावे. सौम्य गुंगीचे औषध देता येते, मात्र मग सोबत कोणी तरी हवे. शरीर हलले की चित्र पुसट येते आणि गादी व मूळ यांच्यातील जे बारीक अंतर पाहायचे असते, तेच नेमके हरवते. गादीच्या साध्या निदानासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही. पूर्वी मानेची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा संसर्ग, गाठ यांचा संशय असेल, तरच ते देतात.

पायातील सळी मानेच्या चित्रात सहसा अडथळा आणत नाही; तरी शस्त्रक्रियेचे जुने कागद सोबत न्यावेत. पेसमेकर, कानातील श्रवणरोपण किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप असल्यास त्या उपकरणाचे कार्ड दाखवल्याशिवाय यंत्राच्या खोलीत पाऊल टाकू नये. अंगठी, करदोटा, घड्याळ, दंडावर चिकटवलेला साखर मोजण्याचा सेन्सर, सारे काढून ठेवावे.

आपल्याला मात्र एक प्रश्न मी आवर्जून विचारीन, आणि तो अर्जात असेल तर घाईत ‘नाही’ लिहू नका : लेथवर काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? गेला असेल आणि तो पूर्ण निघाल्याची खात्री नसेल, तर यंत्रातील प्रबळ चुंबकामुळे तो आत हलून दृष्टीला इजा होऊ शकते. असे असल्यास तंत्रज्ञांना तसे सांगावे. ते आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून घेतील आणि तो निर्वेध आल्यावरच तुम्हाला आत पाठवतील.